बौद्ध विवाह : मनाचे वचन आणि सरकारी नोंद





धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पूर्वी तो हळू आवाजात विचारला जात असे, आता उघडपणे विचारला जातो. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना मनापासून वचन दिले आणि ती प्रामाणिकपणे एकत्र राहू लागली, तर त्यांना विवाहाची सरकारी नोंद हवीच कशाला?

हा प्रश्न विचारणारे सगळे एका विचाराचे नाहीत. एकजण म्हणतो, आपल्या धम्मात विवाह हा देवाने बांधलेला संस्कार नाही, मग सरकारने तरी तो का बांधावा? दुसरा म्हणतो, ज्या कायद्याचे नावच हिंदू विवाह कायदा आहे, त्याच्या वहीत बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने आपले नाव का घालावे? तिसरा म्हणतो, विहारात त्रिशरण-पंचशील झाले, बौद्धाचार्यांनी विधी लावला, पाचशे माणसे जेवून गेली, आणखी पुरावा तो कोणता? आणि कॉलेजात शिकणारी आपली मुले म्हणतात, प्रेम कागदावर टिकत नसते, ते मनावर टिकते.

यातील कोणाचेही म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. प्रत्येकात सत्याचा अंश आहे. पण अर्धे सत्य धरून संसार उभा केला, तर पडझड होते तेव्हा त्याखाली सापडतो तो दोघांतला दुबळा माणूस. आपल्या समाजात तो दुबळा माणूस बहुतेक वेळा स्त्री असते, आणि तिच्या कडेवर मूल असते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे आणि बुद्धीच्या कसोटीवर विचार करू या.

धम्म विवाहाकडे कसा पाहतो?

प्रथम हे स्पष्ट समजून घ्यावे की बौद्ध धम्मात विवाह हा पारलौकिक संस्कार नाही. कन्या ही दान देण्याची वस्तू नाही. सात पावलांनी सात जन्मांची गाठ पडते, असे धम्म सांगत नाही. विनयात तर भिक्खूने वधूवरांची सोयरीक जुळवण्यास स्पष्ट मनाई आहे. भिक्खू आशीर्वाद देईल, परित्राण पाठ करील, उपदेश करील, पण लग्ने जमवण्याचा व्यवहार त्याने करावयाचा नाही. याचा अर्थ असा की विवाह ही गृहस्थांची गोष्ट आहे, माणसामाणसांतील जबाबदारीची गोष्ट आहे. ज्या देशांत धम्म शतकानुशतके नांदला, तेथेही हेच दिसते. श्रीलंकेत वधूवर पोरुवा नावाच्या सजवलेल्या मंचावर उभे राहतात, वडीलधारी माणसे विधी करतात आणि रजिस्ट्रारच्या वहीत सह्या होतात. थायलंडमध्ये भिक्खूंचा आशीर्वाद घेतात, पण कायद्याने पती-पत्नी होण्यासाठी जिल्हा कचेरीत नोंद करावी लागते. त्या उपासकांना नोंद आणि धम्म यांत विरोध वाटत नाही.

मग धम्म गृहस्थाला काय सांगतो? राजगृहाच्या वेळुवनाजवळ सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना नमस्कार करीत उभा होता. भगवान बुद्धांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. त्यात पश्चिम दिशा म्हणजे पत्नी आणि मुले. पतीने पत्नीसाठी पाच गोष्टी कराव्यात. तिचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी बेइमानी करू नये, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला वस्त्र-अलंकार द्यावेत. पत्नीनेही पाच गोष्टी कराव्यात. घरकाम नीट लावावे, आप्तेष्टांशी व कामकरी माणसांशी चांगले वागावे, एकनिष्ठ राहावे, मिळवलेले जतन करावे आणि आपल्या कामांत दक्ष असावे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे शब्द पाहा. पतीची कर्तव्ये आधी सांगितली आहेत, आणि त्यांत अधिकार सोपविण्याची गोष्ट आहे. संसार म्हणजे दोघांनी एकमेकांना देणे असलेल्या कर्तव्यांचा करार आहे.

दुसरे उदाहरण नकुलपिता आणि नकुलमाता या उपासक दांपत्याचे. ते दोघे भगवंतांना म्हणाले की आम्ही तरुणपणी एकत्र आलो तेव्हापासून एकमेकांशी मनानेसुद्धा प्रतारणा केली नाही. त्यांना भगवंतांनी सांगितले की जे पती-पत्नी श्रद्धेत, शीलात, त्यागात आणि प्रज्ञेत समान असतात, त्यांचे सहजीवन टिकते. पुढे नकुलपिता आजारी पडला, जगतो की मरतो अशी अवस्था झाली. तेव्हा नकुलमातेने त्याला धीर दिला की माझ्या चिंतेने जीव जाळू नका, मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, तुमच्यामागे मी मुले वाढवीन, घर चालवीन.

भगिनींनो, हा प्रसंग नीट लक्षात ठेवा. मनाचे वचन म्हणतात ते हेच, आणि यापेक्षा मोठे वचन नाही. पण नकुलमाता नुसते प्रेमाचे शब्द बोलली नाही. नवऱ्यामागे मुलांचे काय होईल, पोट कशावर भरेल, याचा तिने हिशेब मांडला. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला तिने व्यवहाराची खात्री दिली. म्हणजे मनाचे वचन आणि व्यवहाराची तजवीज ही दोन्ही एकाच मैत्रीची अंगे आहेत. जो म्हणतो, मी प्रेम करतो, मला तजवीज करण्याची गरज नाही, त्याला धम्माचा अर्धाच भाग समजला आहे.

आपला विधी कोठून आला?

धम्मदीक्षेनंतर बाबासाहेब आपल्यात दोन महिनेही राहिले नाहीत. तरीही डिसेंबर १९५६च्या पहिल्या आठवड्यात, परिनिर्वाणाच्या अगदी तोंडावर, त्यांनी एका पत्रातून बौद्ध विवाहाची पद्धत कळवली. होम नको, सप्तपदी नको. वधूवरांनी पांढरी वस्त्रे घालावीत. दोघांच्या मध्ये पाटावर नवे मातीचे भांडे काठोकाठ पाण्याने भरून ठेवावे, त्यात सुती दोरा सोडावा, त्याचे एक टोक वधूने आणि दुसरे वराने धरावे, आणि मंगलसुत्त म्हटले जावे. एवढाच विधी. त्यात भटजी नाही, मुहूर्त नाही, हुंडा नाही. दोरा दोघांच्या हाती सारखाच आहे, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा तो नाही.

ही वाट बाबासाहेबांच्याही आधी त्यांच्या गुरूंनी, महात्मा जोतीराव फुल्यांनी पाडली होती. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह लागला. भटजीशिवाय लागलेल्या त्या विवाहपद्धतीत वधूवर सर्वांसमक्ष एकमेकांना वचन देत, आणि स्त्रीचे हक्क मान्य करण्याचे वचन वराकडून घेतले जाई. म्हणजे पुरोहित बाजूला सारताना जोतीरावांनी साक्षीदार बाजूला सारले नाहीत. वचन चारचौघांत आणि मोठ्याने द्यावयाचे, ही अट त्यांनी कायम ठेवली.

मग साक्षीदार कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वचनाला साक्षीदार लागतो. पूर्वी तो साक्षीदार गाव होता. आमच्या कोलशेतचेच पाहा. भातशेती, खाडीवरची मासेमारी, आगरी-कोळ्यांची वस्ती, असे हे गाव होते. अशा गावात कोण कोणाची बायको, कोण कोणाचा मुलगा, हे सांगायला कागद लागत नसे. आपल्याकडेही पाट लागे, काडीमोड होई, ती पंचांसमोर होई. पंचांचा न्याय नेहमी न्यायाचा असे असे नाही, बाईच्या वाट्याला त्यात अपमानच जास्त येई. पण कोणाचे काय झाले, हे सांगणारी चार माणसे गावात मरेपर्यंत असत.

पुढे कोलशेत रोडला रासायनिक कारखाने आले. नंतर त्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून माणसे कामाला आली. बाळकुम, ढोकाळी, मानपाड्याच्या वस्त्यांत आज शेजारच्या खोलीतल्या माणसाचे मूळ गाव कोणते, हे शेजाऱ्याला ठाऊक नसते. आज एक भाडेकरू आहे, अकरा महिन्यांनी दुसरा येतो. तुमच्या लग्नात जेवलेली पाचशे माणसे वीस वर्षांनी कोठे सापडणार? विधी लावणारे बौद्धाचार्य कदाचित हयात नसतील. विहाराची वही पावसात भिजली असेल. गाव हा साक्षीदार उरला नाही. त्याची जागा आता सरकारी नोंदीने घेतली आहे. नोंद म्हणजे प्रेमाचे प्रमाणपत्र नव्हे. दोन माणसांनी एकमेकांना वचन दिले होते, हे वीस वर्षांनीही सांगू शकणारा साक्षीदार म्हणजे नोंद.

हा साक्षीदार नसला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसले. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. पहिली पत्नी हयात असताना नवऱ्याने फेब्रुवारी १९६२मध्ये दुसरे लग्न केले, अशी पत्नीची फिर्याद होती. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. पण १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. कारण काय? दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झाले असे सांगितले गेले, परंतु विवाहाचे आवश्यक विधी झाले होते किंवा रूढीने ते गाळता येत होते, हे सिद्ध झाले नाही. जे लग्न कायद्याने लग्नच नाही, ते दुसरे लग्न म्हणून गुन्हा कसे ठरेल? पहिली पत्नी हरली. आणि जिच्याशी दुसरा घरोबा केला, ती स्त्री तर कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच पत्नी उरली नाही. सिद्ध न होणारे लग्न दोन्ही बायकांना बुडवते आणि पुरुषाला मोकळे करते, हा त्यातला धडा.

हा धडा आपल्याला विशेष लागू आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७प्रमाणे विवाह दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीच्या विधींप्रमाणे लागावा लागतो. आपला विधी तर १९५६नंतरचा. नव्याने स्वीकारलेल्या विधीला रूढी म्हणावे काय, हा वाद न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. तामिळनाडूत पेरियार रामस्वामींच्या अनुयायांवर हीच वेळ आली होती. त्यांचे स्वाभिमान विवाह पुरोहिताशिवाय, हार घालून लागत. मद्रास उच्च न्यायालयाने १९५३ साली अशा विवाहाला वैध मानण्यास नकार दिला. हजारो संसार एका निकालाने लोंबकळले. शेवटी अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ साली कायद्यात कलम ७-अ घालून आधीचे आणि नंतरचे असे सर्व स्वाभिमान विवाह वैध केले. चळवळीने विधी दिला होता, पण त्याला संरक्षण दिले ते कायद्याने.

बाबासाहेबांनी काय केले?

काही बंधू म्हणतात की कायद्याच्या कागदामागे धावणे हे बुद्धिवादी माणसाला शोभत नाही. त्यांनी बाबासाहेबांचे आयुष्य पाहावे. रमाईंशी त्यांचा विवाह जुन्या काळच्या रीतीने, लहान वयात, भायखळ्याच्या बाजारात रात्रीच्या वेळी लागला. पण १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांनी माईसाहेबांशी विवाह केला तो नोंदणी पद्धतीने. घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे कायदेमंत्री, ज्यांच्या शब्दावर लाखो माणसे उभी राहत, त्यांनी आपल्या वचनाला नोंदीची जोड दिली.

आणि त्यांनी मंत्रिपद कशासाठी सोडले? २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी जो राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिलाची झालेली परवड हे मोठे कारण होते. त्या बिलात एकपत्नीत्व होते, घटस्फोटाचा हक्क होता, मुलीला मालमत्तेत वाटा होता. आपल्या मुंबई प्रांतात द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा १९४६ साली झाला. ज्या प्रांतांत असे काही नव्हते, तेथे हिंदू पुरुष हव्या तितक्या बायका करू शकत होता, आणि त्याला कोणी विचारू शकत नव्हते. स्त्रीला हक्क द्यावयाचा तर तो नवऱ्याच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही, कायद्यात लिहावा लागतो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. त्यासाठी त्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडले. अशा महामानवाच्या अनुयायांनी, आम्हाला कायद्याची गरज नाही, असे म्हणणे कितपत योग्य आहे?

हिंदू नावाचा काटा

तरीही नावाचा काटा मनात सलतो, हे खरे आहे. ज्या धर्माचा त्याग केला, त्याचे नाव लग्नाच्या कायद्याला का? हा सल प्रामाणिक आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणी म्हणूनच रास्त आहे. शिखांसाठी आनंद विवाह कायदा १९०९ साली झाला आणि २०१२ साली त्यात नोंदणीची तरतूद झाली. मग बौद्धांसाठी का नको? ही मागणी सनदशीर मार्गाने लावून धरावी.

पण मागणी मान्य होईपर्यंत आपल्या मुलींना उघड्यावर ठेवावयाचे काय? तीन गोष्टी समजून घ्या. पहिली, हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे, असे त्या कायद्यातच वेगळी नावे घेऊन सांगितले आहे. तो लागू झाल्याने कोणाचा धर्म हिंदू होत नाही. धर्म मनात आणि आचरणात असतो. दुसरी, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आपण जी नोंद करतो, ती महाराष्ट्राच्या १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. त्याच्या नावात कोणताही धर्म नाही. आणि २००६ साली तर सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला आहे. तिसरी, ज्याला हिंदू हे नाव कोठेच नको, त्याला १९५४चा विशेष विवाह कायदा खुला आहे. विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या सह्यांनी विवाह होतो. आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. विहारात आधीच विवाह झाला असेल, तर त्याचीही नोंद या कायद्याखाली करून घेता येते. गोव्यातील आपल्या बांधवांना तर हे नवे नाही. तेथे पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणी हाच विवाहाचा पाया आहे, आणि पहिली सही, दुसरी सही हे शब्द तेथे घरोघर ठाऊक आहेत.

नोंदीशिवाय एकत्र राहणारे

आता आपल्या तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. दोन सज्ञान, अविवाहित माणसे विवाहाशिवाय एकत्र राहत असतील तर तो गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. धम्माच्या दृष्टीनेही अशा जोडप्याला पतित म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याला कालपर्यंत अस्पृश्य म्हणत होते. आपणच नव्या माणसांना बाहेर बसवू लागलो तर दीक्षा कशासाठी घेतली? वस्तीत असे जोडपे असेल, तर त्यांच्या घरचे पाणी प्या, त्यांच्या मुलाला बालसंस्कार वर्गाला घेऊन या.

पण धम्म कसोटी लावतो ती हेतूला. नोंद नको, असे कोण म्हणते आणि का म्हणते, हे पाहा. दोघांनी मिळून, समजून, बरोबरीने निर्णय घेतला असेल तर गोष्ट वेगळी. परंतु उद्या सोडून जाणे सोपे पडावे म्हणून एकजण नोंद टाळत असेल आणि तोंडाने मात्र जन्मभराच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याने तिसरे शीलही मोडले आणि चौथेही मोडले. एका माणसाच्या विश्वासाचा त्याने उपभोग घेतला आणि खोटेही बोलला. घरी एक पत्नी असताना दुसरीला, तुझ्याशी मनाने लग्न लावले आहे, असे सांगणारे महाभाग तर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मन नावाच्या या कार्यालयात त्यांनी किती नोंदी केल्या, हे कोणालाच तपासता येत नाही!

कायद्याने अशा स्त्रीला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात विवाहसदृश संबंधातील स्त्रीलाही संरक्षण आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्याला अटी सांगितल्या. दोघे विवाहाच्या वयाचे असावेत, विवाह करण्यास अन्यथा पात्र असावेत, समाजात पती-पत्नी म्हणून वावरत असावेत आणि बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. म्हणजे ज्याची पहिली पत्नी हयात आहे, त्याच्याबरोबर राहणाऱ्या बाईला या दारातून आत जाणे कठीण. अशा दुसऱ्या विवाहातील मुलांना कलम १६ने औरस मानले आहे आणि आईबापांच्या मालमत्तेत हक्क दिला आहे. पण त्यांच्या आईला पत्नीचा दर्जा मिळत नाही. आणि हे जे काही मिळते, ते वकील लावून, तारखा घालून, वर्षानुवर्षे सिद्ध करून मिळते. धुणीभांडी करणाऱ्या बाईने ते कसे करावे? नोंद असेल तर कागद दाखवला की काम झाले.

आपल्या घरांतल्या गोष्टी आठवा. नवरा महापालिकेत सफाई कामगार असेल, तर त्याच्यामागे लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी मिळू शकते. कारखान्यात असेल तर भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन असते. अपघात झाला तर नुकसानभरपाई असते. यातील प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न विचारतात : तुम्ही त्यांच्या कोण? रडणाऱ्या बाईला त्या क्षणी, आम्ही एकमेकांना मनाने वचन दिले होते, हे उत्तर देता येत नाही. दिले तरी खिडकीतला माणूस ते लिहून घेऊ शकत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी गावाकडचे भाऊबंद, ही आमची कोणी नव्हे, असे सांगायला हजर होतात.

एक धोक्याची सूचना येथेच देतो. शंभर-पाचशे रुपयांच्या स्टँप पेपरवर नोटरीपुढे लग्न लावून देतो किंवा सोडचिठ्ठी करून देतो, असे सांगणारे लोक कोर्टाच्या आवारात भेटतात. नोटरी हा विवाह अधिकारी नव्हे. त्याच्या शिक्क्याने विवाह होत नाही आणि मोडतही नाही. अशा सोडचिठ्ठीच्या भरवशावर दुसरा संसार मांडला, तर तो द्विभार्येचा गुन्हा ठरू शकतो. विवाह मोडावयाचा असेल तर न्यायालयातून मोडावा. धम्म कोणाला जन्मभर जुलूम सोसावयास सांगत नाही.

कागद म्हणजेच विवाह, असेही नाही

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही कुटुंबे घाईने प्रमाणपत्र काढून ठेवतात. परदेशी जाण्यासाठी, घराच्या कर्जासाठी कागद हवा असतो, आणि विधी पुढे कधीतरी करू म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालाच नसेल, तर नुसत्या नोंदणीच्या प्रमाणपत्राने विवाह होत नाही. नोंद ही झालेल्या विवाहाचा पुरावा आहे, ती विवाहाची जागा घेत नाही. तसेच नोंद राहून गेली म्हणून लागलेला विवाह रद्दही होत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम ८मध्ये लिहिले आहे. म्हणून ज्या आजी-आजोबांची नोंद कधीच झाली नाही, त्यांनी मनात भीती बाळगू नये. त्यांनी आता केली तरी चालेल.

आणि खिशात प्रमाणपत्र ठेवून बायकोला मारणारा, हुंड्यासाठी सुनेचा छळ करणारा माणूस बौद्ध विवाहात आहे, असे कोणी म्हणू शकेल काय? कायदा त्याला पती म्हणेल. धम्म त्याला विचारील, सिगालाला सांगितलेल्या पाचांपैकी किती गोष्टी तू पाळल्यास? कायदा पाठीशी असला म्हणजे माणूस उघड्यावर पडत नाही, पण घर नांदते ते शीलावर. भिंती नसलेल्या छपराखाली कोणी राहू शकत नाही, आणि नुसत्या भिंतींतही पावसाळा निघत नाही.

आपण काय करावे?

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना नम्र विनंती अशी. विवाह ठरवताना वधूवरांना एकत्र बसवून सिगालोवाद सुत्तातील दहा कर्तव्ये वाचून दाखवा आणि त्यांचा होकार त्यांच्या तोंडून घ्या. वराचे वय एकवीस आणि वधूचे अठरा पूर्ण असल्याची खात्री शाळेच्या दाखल्यावरून करा, अंदाजाने नको. दोघांपैकी कोणाचा आधीचा विवाह झाला असेल, तर न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला डोळ्यांनी पाहा. विधी बाबासाहेबांनी सांगितल्याप्रमाणे साधा करा, पण पूर्ण करा, आणि त्याची छायाचित्रे ठेवा. पत्रिकेवर विवाहाची तारीख, स्थळ आणि विधी बौद्ध पद्धतीने असल्याचे स्पष्ट छापा.

विवाहानंतर नव्वद दिवसांच्या आत नमुना 'ड' भरून महापालिकेच्या प्रभाग समितीच्या कार्यालयात, किंवा गावी असाल तर ग्रामपंचायतीत, नोंद करा. त्यासाठी वयाचा व पत्त्याचा पुरावा, लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार लागतात. विधी लावणाऱ्याची माहिती व सहीही लागते, म्हणून बौद्धाचार्यांनी विवाह लावला त्याच दिवशी ती देऊन टाकावी. हळदीवर, बँडवर, गाडीच्या सजावटीवर आपण जो खर्च करतो, त्याच्यापुढे या नोंदीचा खर्च काहीच नाही. प्रत्येक विहाराने दोन शिकलेले तरुण-तरुणी एवढ्याच कामासाठी नेमावेत. जुन्या जोडप्यांचे अर्ज भरून द्यावेत. विशेषतः ज्या आयाबहिणींना वाचता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन भरावेत.

जातीबाहेर विवाह करणाऱ्या मुलामुलींकडे अधिक लक्ष द्या. विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते आणि घरच्यांना बातमी लागते. त्या महिन्यात त्यांच्यावर दबाव येतो, प्रसंगी जिवावर बेतते. त्या तीस दिवसांत त्यांना आपल्या वस्तीत निवारा आणि तीन निर्भय साक्षीदार मिळाले पाहिजेत. जातिअंताचे भाषण करण्यापेक्षा अशी एक सही करणे अधिक मोलाचे आहे.

आणि मुलीच्या आईवडिलांनो, उद्या तुमच्या मुलीला कोणी म्हणाला, आपल्या प्रेमाला कागदाची काय गरज, तर तिला भांडायला शिकवू नका, रडायलाही शिकवू नका. तिला शांतपणे एवढेच विचारायला शिकवा : तुमचे वचन जन्मभराचे आहे ना, मग ते चार माणसांत आणि सरकारी वहीत लिहायला तुम्हाला अडचण कसली? ज्याचे वचन खरे आहे, तो हसत सही करील. ज्याचे खरे नाही, तो कोण आहे हे मुलीला वेळेत कळेल.

सर्वांचे संसार शीलवान आणि सुरक्षित होवोत, ही मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!